सत्तेचा हिशोब मागणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

तुमच्यापैकी जे इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक शाखेत आहेत त्यांना सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात 'कारहुनेन-लोएव्ह विस्तार' हे नाव भेटते. यादृच्छिक सिग्नल कमीत कमी संख्यांत कसा मांडायचा, याचे ते गणित. मी ते गेली कित्येक वर्षे फळ्यावर लिहितो आहे. कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांचेही काम १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धातले. हाच निष्कर्ष १९४३ साली 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'मध्ये छापून आला होता, आणि तो लिहिणारे होते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले गणिताचे एक प्राध्यापक. आता काही पुस्तके तीन नावे देतात : कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह. तुम्ही जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी असाल तर जनुकांमधले अंतर मोजताना 'कोसंबी फलन' वापरले असेल. ते कोसंबीही हेच.

आजचा पाठ मात्र गणिताचा नाही. याच माणसाने भारताचा प्राचीन इतिहास नव्या पद्धतीने लिहिला, आणि स्वतंत्र भारतात सत्ता खरोखर कोणाच्या हातात आहे हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारला की सरकार, उद्योगपती, सहकारी शास्त्रज्ञ आणि कम्युनिस्ट पक्ष असे सगळेच कधी ना कधी त्यांच्यावर नाराज झाले. १९५७ साली आपल्या निबंधांचा संग्रह काढताना त्यांनी शीर्षकातच हे निबंध चीड आणणारे आहेत असे सांगून टाकले : 'एक्झॅस्परेटिंग एसेज'. डाव्या विचारांचा बुद्धिवंत सत्तेची चिकित्सा कशी करतो, हे पाहायचे तर आपल्याच देशातले याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

माणूस

चरित्र थोडक्यात उरकू. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातल्या कोसबे गावी. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. हार्वर्डच्या कामासाठी ते अमेरिकेला जात, तसे १९१८ साली मुलालाही घेऊन गेले. दामोदर तिथेच शाळेत शिकले आणि १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. मग बनारस हिंदू विद्यापीठ, त्यानंतर आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून अलीगढ, आणि १९३३ पासून फर्ग्युसन. १९४५ साली होमी भाभांनी त्यांना नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. राहणे पुण्यात आणि नोकरी मुंबईत, त्यामुळे ते डेक्कन क्वीनने ये-जा करत. सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या टेकड्यांवर काठी घेऊन हिंडत. सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अश्मयुगातली दगडाची बारीक पाती, वेचत. धनगरांच्या वाटा आणि गावाबाहेरच्या देवींची ठाणी नोंदवत. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न.

नांगर आणि नाणे

कोसंबींची सत्तेवरची टीका समजायला आधी त्यांची इतिहासाची पद्धत समजून घ्यावी लागते. ती मार्क्सची, पण पोथीतून उचललेली नव्हे. १९५६ सालच्या 'अॅन इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' या ग्रंथात त्यांनी इतिहासाची व्याख्याच बदलली. उत्पादनाची साधने आणि उत्पादनातले माणसामाणसांतले संबंध कालक्रमाने कसकसे बदलत गेले त्याची मांडणी म्हणजे इतिहास. एखाद्या प्रदेशात राजा कोण होता, किंबहुना राजा होता की नव्हता, यापेक्षा तिथले लोक नांगर वापरत होते का आणि तो हलका होता की जड, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटे. तुम्ही शाळेत घराण्यांच्या याद्या पाठ केल्या असतील तर या एका वाक्याने केवढी उलथापालथ होते ते ध्यानात येईल. नांगर आला की धान्य गरजेपेक्षा जास्त पिकते. ते जास्तीचे धान्य कोण उचलून नेतो, कोणत्या हक्काने नेतो आणि ज्याच्याकडून नेतो तो गप्प का बसतो, हे सत्तेचे तीन मूळ प्रश्न.

तिसऱ्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर आजही वाद निर्माण करते. नुसत्या तलवारीच्या जोरावर जास्तीचे धान्य उचलणे राजाला महाग पडते. धर्म, कर्मकांड आणि जात यांनी ते काम स्वस्तात केले, म्हणजे हिंसेची गरज कमी केली, असे ते म्हणतात. ताम्रपटांवरून दिलेल्या जमिनी, जंगलात घुसून शेती वसवणारे ब्राह्मण, आदिवासींच्या देवतांना पुराणातल्या देवांशी लावून दिलेली लग्ने, हे सारे त्यांना एका प्रक्रियेचे भाग दिसतात. सरंजामशाहीचेही त्यांनी दोन प्रकार सांगितले. एक वरून आलेली : सम्राट आणि त्याला खंडणी देणारे मांडलिक. दुसरी खालून उगवलेली : गावातच शेतकरी आणि राज्य यांच्या मधे जमीनमालकांचा थर तयार होणे.

पुरावा कसा गोळा करायचा याबाबत ते अस्सल प्रयोगशाळेतले होते. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी घ्या. ही नाणी ठसे मारून बनवलेली. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. इतिहासकारांनी ठशांच्या चित्रांवरून तर्क चालवले होते. कोसंबींनी तराजू काढला. नाणे हातोहात फिरताना झिजते. म्हणजे एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर घटत जाते, आणि प्रत्येक नाणे सारखे फिरत नसल्याने वजनातला विखार वाढत जातो. हे खरे आहे का ते तपासायला त्यांनी चलनातली आधुनिक नाणी हजारोंनी तोलली. मग जुन्या नाण्यांकडे वळले. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान खुणा असतात. जितक्या खुणा जास्त तितके सरासरी वजन कमी, असा संबंध निघाला. म्हणजे या खुणा एकदम मारलेल्या नव्हत्या. नाणे फिरत असताना वेळोवेळी कोणीतरी ते पारखून त्यावर आपली खूण करत होते. पुढची बाजू राजाची, मागची व्यापाऱ्यांची, असा त्यांचा निष्कर्ष.

हा प्रयोग तुम्ही वसतिगृहात बसून करू शकता. एकाच सालाची एकाच प्रकारची शंभर नाणी, दुसऱ्या सालाची शंभर, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला चांगला तराजू. सरासरी आणि प्रमाण विचलन काढा.

मला यात नाणेशास्त्रापेक्षा वेगळेच काही महत्त्वाचे वाटते. नाणे हे सत्तेचे मुखपत्र. राजा त्यावर आपला शिक्का मारून सांगतो की याची किंमत मी ठरवली. कोसंबी त्या शिक्क्यावर विश्वास न ठेवता नाणे तराजूत घालतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदीच्या नाण्यात चौथा हिस्सा तांबे घालण्याची रीतच सांगितली आहे. आणि मौर्यकाळातल्या नाण्यांत वाढत गेलेल्या भेसळीवरून त्यांनी साम्राज्याच्या तिजोरीवरचा ताण वाचला. राज्य बोलते एक आणि धातू सांगतो दुसरे. पुढे नेहरूंच्या भारताबद्दल लिहितानाही त्यांनी हेच केले.

टीका : १९४६ आणि १९५४

नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' अहमदनगरच्या किल्ल्यात, १९४४ सालच्या कैदेत लिहिले. ते १९४६ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी कोसंबींनी न्यूयॉर्कच्या 'सायन्स अँड सोसायटी' या त्रैमासिकात त्याच्यावर लेख लिहिला. शीर्षकाचा भावार्थ असा : भारतातला भांडवलदार वर्ग वयात आला. पाहा, पुस्तक प्राचीन संस्कृतीचे आणि परीक्षणाचे शीर्षक भांडवलदारांबद्दल! कोसंबींना नेहरूंबद्दल आदर होता आणि तो लेखात दिसतो. त्यांची तक्रार एवढीच की इतक्या मोठ्या मनाच्या लेखकाने एक साधा प्रश्न विचारलाच नाही : हे सारे कोणत्या वर्गासाठी?

संदर्भ डोळ्यांपुढे आणा. नेहरू तुरुंगात असताना बाहेर काय चालले होते? महायुद्धामुळे किमती भडकल्या होत्या. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसे मेली. त्याच काळात युद्धाच्या कंत्राटांवर, साठेबाजीवर आणि काळ्या बाजारावर देशी भांडवलाने कधी नव्हे इतका पैसा केला. युद्ध संपेपर्यंत इंग्लंडच भारताचे सव्वाशे कोटी पौंडांहून अधिक देणे लागत होते. जानेवारी १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई, लाला श्रीराम आदी आठ जणांनी 'मुंबई योजना' मांडली : पंधरा वर्षे, दहा हजार कोटी रुपये, दरडोई उत्पन्न दुप्पट. या योजनेत उद्योगपती स्वतःच म्हणत होते की राज्याने अर्थव्यवस्थेत मोठी भूमिका घ्यावी. भांडवलदाराने सरकारी नियोजन मागावे हे तुम्हाला विचित्र वाटेल. कोसंबींना ते मुळीच विचित्र वाटले नाही. पोलाद, वीज, रेल्वे यांत पैसा फार गुंततो आणि नफा उशिरा येतो. ते काम जनतेच्या पैशातून झाले तर त्यावर उभ्या राहणाऱ्या कारखान्यांचा नफा खाजगीच राहतो. हा वर्ग आता इंग्रजांकडून सत्ता घ्यायला तयार झाला आहे आणि काँग्रेस त्याचे वाहन आहे, असे त्यांचे म्हणणे. मागे चालणारी जनता कोट्यवधी, पण लगाम दुसऱ्यांच्या हाती.

१९५४ साली अमेरिकेतल्या 'मंथली रिव्ह्यू'मध्ये त्यांनी हा मुद्दा पुढे नेला. भारतात राज्य कोणत्या वर्गाचे, तर भांडवलदारांचे, हे उत्तर ते सरळ देतात. पण लगेच या वर्गाचे वेगळेपण सांगतात, आणि लेखाचे खरे मोल त्यात आहे. युरोपातला भांडवलदार यंत्र घेऊन आला, जुन्या सरंजामदारांशी लढला. आपला उशिरा जन्मला. त्याचे यंत्र उसने, त्याची पुंजी व्यापार, सावकारी आणि टंचाईच्या नफ्यातली, आणि जमीनदाराशी त्याचे वैर नाही. जमीनदारच पैसा घेऊन त्याच्या पंक्तीला येऊन बसतो. कारखान्यात उत्पादन वाढवून कमावण्यापेक्षा टंचाई टिकवून कमावणे त्याला सोपे. अशा वर्गाला सरकारी नियंत्रणाची भीती वाटत नाही, कारण परवाना ज्याला मिळाला त्याचा प्रतिस्पर्धी नियंत्रणामुळेच बाहेर राहतो. १९५१ सालच्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने परवाना पद्धत आली, तिचा पुढचा इतिहास तुम्ही अर्थशास्त्राच्या पेपरात वाचला असेल.

हे सारे पूर्वग्रहातून आले होते का? एक आकडा देतो. सरकारनेच १९६४ साली मक्तेदारी चौकशी आयोग नेमला. न्यायमूर्ती के. सी. दासगुप्ता अध्यक्ष. आयोगाचा अहवाल १९६५ साली आला. समाजवादी समाजरचनेच्या घोषणेला दहा वर्षे झाली होती आणि आयोगाला आढळले की ७५ उद्योगसमूहांच्या हाती बिगरसरकारी, बिगरबँक कंपन्यांच्या मालमत्तेपैकी जवळपास ४७ टक्के मालमत्ता एकवटली आहे. नाण्याच्या पुढच्या बाजूला समाजवाद कोरला होता. तराजूने वेगळेच सांगितले.

घरच्यांनाही तोच तराजू

कोसंबी ज्या बाजूचे होते त्या बाजूलाही त्यांनी सोडले नाही. श्रीपाद अमृत डांगे हे गिरणी कामगारांचे थोर पुढारी. त्यांनी १९४९ साली प्राचीन भारतावर पुस्तक लिहिले, त्यात मार्क्स-एंगेल्सचा साचा घेऊन त्यात वेद बसवले : आधी आदिम साम्यवाद, मग गुलामगिरी. भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात कोसंबींनी त्याचे जे परीक्षण केले ते आजही वाचताना कान गरम होतात. मुद्दा असा की मार्क्सवाद हे विश्लेषणाचे हत्यार आहे. ते हाती आले म्हणून विचार करण्याची, संस्कृत नीट वाचण्याची आणि पुरावा तपासण्याची जबाबदारी संपत नाही. भारतात ग्रीस-रोमसारखी गुलामांवर चालणारी उत्पादनव्यवस्था दिसत नसेल तर नाही म्हणावे. साचा मोडावा, पुरावा नव्हे. पक्षाच्या अधिकृत विद्वानांसाठी त्यांनी 'ऑफिशियल मार्क्सिस्ट' असे नाव पाडले आणि त्याची दोन अक्षरे घेऊन 'ओएम' केले. ओम! हा विनोद त्यांना नक्कीच आवडत असणार.

आता माझी तक्रार. हाच तराजू त्यांनी सोव्हिएत संघ आणि चीन यांच्यासाठी तितक्या कठोरपणे वापरला नाही. जागतिक शांतता चळवळीचे काम त्यांनी मनापासून केले, त्यानिमित्ताने त्या देशांत गेले, चीनच्या क्रांतीबद्दल आस्थेने लिहिले. पण तिथे जास्तीचे धान्य कोण उचलतो आणि शेतकरी गप्प का बसतो, हा त्यांचा स्वतःचा प्रश्न तिथे त्याच धारेने येत नाही. दुसरे, जातीचे. उत्पादनाच्या आदिम पातळीवर जात म्हणजे वर्गच, हे त्यांचे सूत्र पुष्कळ काही उलगडते. पण कारखान्यात शेजारी उभ्या असलेल्या दोन कामगारांपैकी एकाला दुसऱ्याच्या माठातले पाणी का चालत नाही, हे त्या सूत्रातून निघत नाही. त्यासाठी डॉ. आंबेडकरांकडेच जावे लागते. परीक्षेत 'कोसंबींच्या इतिहासलेखनाचे मूल्यमापन करा' असा प्रश्न आला तर नुसती स्तुती लिहू नका.

शास्त्रज्ञाचे स्वातंत्र्य आणि पगार

१९५२ सालचा 'सायन्स अँड फ्रीडम' हा निबंध अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असे मला वाटते. सुरुवात अशी की १९४९ साली ते अमेरिकेत असताना तिथले शास्त्रज्ञ विज्ञानाच्या स्वातंत्र्याबद्दल फार चिंतेत होते. कोसंबींनी त्या स्वातंत्र्याचा अर्थ उकलला : पगार बड्या उद्योगांचा, युद्धखात्याचा किंवा या दोघांच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाचा घ्यायचा आणि काम मात्र मनाला येईल ते करायचे. ज्याचा पैसा त्याचा प्रश्न, हे शास्त्रज्ञ विसरतो. कोणता प्रश्न 'महत्त्वाचा' मानला जातो, कोणासाठी प्रयोगशाळा उभी राहते, कोणाचा निबंध छापला जातो, हे निसर्ग ठरवत नाही. निष्कर्ष निसर्ग ठरवतो, विषय सत्ता ठरवते. मी हे माझ्या शब्दांत सांगतो आहे.

हे लिहिणारा माणूस स्वतः कोणाचा पगार घेत होता? टाटांच्या विश्वस्त निधीतून सुरू झालेल्या आणि नंतर मुख्यतः अणुऊर्जा खात्याच्या पैशावर वाढलेल्या संस्थेचा. कोसंबींना ही विसंगती दिसत नव्हती असे मानण्याचे कारण नाही. उलट, आत बसून ती लिहिली म्हणूनच ती इतकी नेमकी उतरली.

सूर्य की अणू

देशाने अणुऊर्जेवर मदार ठेवावी का, हा तो वाद. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, अणुऊर्जा कायदा झाला आणि आयोग नेमला गेला. कायद्यात गुप्ततेच्या तरतुदी होत्या, त्यामुळे या खात्याचा हिशोब इतर खात्यांसारखा चव्हाट्यावर येत नसे. १९५५ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष भाभा होते; तिथे त्यांनी भाकीत केले की दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. १९५६ साली तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. सगळ्या देशाला अभिमान वाटत होता, आणि तो वाटावा असेच ते काम होते.

अशा वातावरणात, भाभांच्याच संस्थेतला प्राध्यापक उभा राहिला आणि म्हणाला, हिशोब दाखवा. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी भारतासाठी अणुऊर्जा या विषयावर भाषण केले. त्यांचा युक्तिवाद तुम्ही प्रकल्प-मूल्यांकनाच्या पेपरात लिहाल तसा आहे. अणुविजेचा जो दर सांगितला जातो त्यात काय काय धरलेले नाही? पाश्चात्त्य देशांत या संशोधनाचा प्रचंड खर्च बॉम्बच्या निमित्ताने लष्कराने आधीच केलेला आहे. (ब्रिटनची काल्डर हॉल अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली ती वीज आणि बॉम्बसाठी प्लुटोनियम, अशा दुहेरी कामासाठी.) तो खर्च दरात दिसत नाही. किरणोत्सारी कचरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायचा, तो खर्चही नाही. लष्कराने सोसलेला खर्च वगळून काढलेला दर गरीब देशाने जसाच्या तसा का मानावा?

दुसरी बाजू सूर्याची. भारतात वर्षातले आठ-नऊ महिने ऊन असते, इंधनाला पैसा पडत नाही, आणि ते गावोगावी आपण होऊन पोचते. देशभर विजेच्या तारांचे जाळे पसरण्याची वाट न पाहता जिथल्या तिथे ऊर्जा वापरता येईल, लहान उद्योग गावातच चालतील. त्यांच्या लेखी यातली मुख्य गोष्ट विकेंद्रीकरण. प्रचंड भांडवल आणि अवाढव्य नोकरशाही यांच्याविना समाजवाद आणायचा असेल तर ऊर्जाही तशीच हवी, हा त्यांचा विचार. यंत्राचा आकार ठरला की मालकीचा आकार ठरतो. पाण्याच्या बाबतीतही मोठ्या धरणांपेक्षा लहान, स्वस्त बंधाऱ्यांकडे त्यांचा कल होता तो याच कारणाने.

इथे भाभांच्या बाजूने बोलले पाहिजे, नाहीतर आपण इतिहास लिहीत नसून निकाल लिहीत आहोत असे होईल. सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखवला. कार्यक्षमता सुमारे ६ टक्के आणि किंमत इतकी की तो फक्त उपग्रहावर परवडे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने बनवलेला सौरचुल्हा बाजारात चालला नव्हता. अशा वेळी ज्याला पोलाद कारखाने चालवायचे आहेत तो उन्हावर भरवसा ठेवणार नाही, हे उघड आहे. पण कोसंबींचे म्हणणे असे नव्हतेच की सौरघट तयार आहे, उद्या लावा. त्यांचे म्हणणे होते की संशोधनाचा पैसा तिकडे वळवा, कारण इंग्लंड-अमेरिकेला उन्हाची निकड नाही, ते हे संशोधन आपल्यासाठी करून देणार नाहीत. पैसा कुठे वळवायचा हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हता, अधिकाराचा होता, आणि तो अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

१९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. याची गोष्ट हुतात्म्याच्या चालीवर सांगणे सोपे आहे आणि ती तशी सांगितलीही जाते. प्रकरण इतके सरळ नाही. भाभांशी त्यांचे संबंध बिघडले होते हे खरे. पण १९५९ साली त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात एक लेख छापला होता, त्यात रीमान गृहीतक सिद्ध केल्यासारखा दावा होता आणि तो टिकला नाही. गणिताच्या जगात असा दावा फसणे फार महागात पडते. संस्थेतल्या तरुण गणितज्ञांपुढे त्यांची पत त्यामुळे घसरली. सत्तेला नकोसा झालेला माणूस आणि गणितात चुकलेला माणूस, हे दोघे एकाच वेळी एकाच खुर्चीत बसलेले होते. १९६४ साली त्यांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने मानद शास्त्रज्ञाचे पद दिले आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. पुढच्याच वर्षी 'द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शन्ट इंडिया' हे त्यांचे सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक आले.

आता आजचा तराजू. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौरवीज क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. अणुविजेची क्षमता तेव्हा ८ गिगावॅटच्या आसपास होती. म्हणजे कोसंबी जिंकले? क्षमतेच्या आकड्यात, हो. पण ऊन रात्री नसते, त्यामुळे दर मेगावॅटमागे प्रत्यक्ष वीज अणुभट्टीच कितीतरी जास्त देते, हे अभियंत्याने विसरू नये. आणि कोसंबींचा मुद्दा तर मेगावॅटचा नव्हताच. राजस्थानातले भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॅटचे आहे. कर्नाटकातल्या पावगडा इथले २,०५० मेगावॅटचे, सुमारे १३,००० एकरांवर पसरलेले. पावगड्याची जमीन शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली, सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये. दुष्काळी तालुक्यातल्या जमीनमालकाला हे हक्काचे उत्पन्न आहे आणि त्याने ते आनंदाने स्वीकारले असेल तर त्यात नवल नाही. ज्याच्याकडे जमीन नव्हती आणि जो त्या शेतांवर मजुरीला जात असे, त्याच्या नावाचा रकाना त्या भाडेकरारात नाही. ऊन फुकट आहे. काच, तारा, जमीन आणि वीजखरेदीचा करार फुकट नाही. जे तंत्रज्ञान कोसंबींना विकेंद्रित होईल असे वाटले होते, ते आपण हजारो एकरांच्या कुंपणात एकवटले.

स्वाध्याय म्हणून एवढे करा. तुमच्या महाविद्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या छतावर सौरपट्ट्या असण्याची शक्यता बरीच आहे. त्या महाविद्यालयाच्या मालकीच्या आहेत, की एखाद्या कंपनीने स्वखर्चाने बसवून वीस-पंचवीस वर्षांसाठी युनिटच्या ठरावीक दराने वीज विकायचा करार केला आहे, हे कार्यालयात जाऊन विचारा. करार पाहायला मिळाला तर दर किती, तो दरवर्षी वाढतो का, आणि मुदत संपल्यावर पट्ट्या कोणाच्या, हे टिपून घ्या. मग गच्चीवर जा. धूळ बसली की पट्टीची वीज कमी होते, म्हणून कोणीतरी त्या नेमाने धूत असणार. त्या माणसाला किती मजुरी मिळते आणि ती कोण देते, तेही लिहा. चारही आकडे एका कागदावर मांडा आणि पुढच्या तासाला घेऊन या.